तव्याचं गाणं

पारा पंचेचाळीसवर गेल्याची बातमी आली, तेव्हा मी स्टेटसला 'अरे संसार संसार' लावलं. आई म्हणाली, "बेटा, हे गाणं लग्नात वाजवतात. उन्हाचं काय त्यात?"

तिचं चूक नाही. 'मानिनी' (1961) सिनेमातली चाल इतकी गोड आहे, की ऐकताना शब्द सोसण्याचा उपदेश वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. काम करता करता ओव्या सुचायच्या, त्या सोपानदेवांनी उतरवून घेतल्या. पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यावर. म्हणून तव्याची ती ओळ मला उपमा वाटतच नाही. हात खरोखर भाजलेला आहे. भाकरी नंतरची, चटका आधीचा, एवढा साधा हिशोब बाई मांडते. सोस, असं कुठे म्हणते?

उन्हाच्या बातम्यांत शेतमजूर येतो, रिकामा रस्ता येतो (आमच्याकडे केळीची बागही). चूल येत नाही. आमच्या दीपनगरात पाचशे-पाचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. तरी भाकरी टाकताना आई पंखा बंद करते. गॅस विझतो ना.