अक्षरओळखीची अट आणि लॉजसाहेबांचे भाषण

१६ मार्च १८९६ रोजी हेन्री कॅबट लॉज यांनी अमेरिकन सिनेटमध्ये केलेले भाषण आपण मंडळींनी एकदा मुळातून वाचावे असे आहे. निरक्षर परदेशीयांना प्रवेश नको, या विधेयकाचे ते समर्थन आहे. वक्ता हार्वर्डचा डॉक्टरेट. भाषा घोटीव, युक्तिवाद वकिली थाटाचा.

पूर्वार्ध आकडेवारीचा. तिथे लॉज आडपडदा ठेवत नाहीत. ही अट इटालियन, रशियन, पोलिश, हंगेरियन, ग्रीक आणि आशियाई लोकांना जाचेल, इंग्रजी बोलणाऱ्यांना किंवा जर्मनांना फारशी लागणार नाही, असे ते स्वतःच सांगतात. आणि हाच तिचा गुण मानतात.

उत्तरार्धात शाळा मागे पडते, वंश पुढे येतो. आणि उदाहरण येते ते आपलेच! हिंदू माणूस बुद्धिमान आहे, तो ऑक्सफर्डची विद्या पचवील, पार्लमेंटातही बसेल. पण तो इंग्रज होणार नाही, असे लॉज म्हणतात. नाव ते घेत नाहीत. पण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी केलेले दादाभाई नौरोजी, पारशी असले तरी, वाचकाला आठवतातच. १८९२ ते १८९५ ते पार्लमेंटात होते.

इथे भाषण स्वतःलाच खोडून काढते. शिक्षणाने माणूस बदलतच नसेल, तर दारात अक्षरओळख तपासायची कशाला? उत्तर पूर्वार्धातच आहे : नको असलेली माणसे सभ्यपणे अडवायला.

पुढचा इतिहास याची साक्ष देतो. क्लीव्हलंड यांनी १८९७ मध्ये, टाफ्ट यांनी १९१३ मध्ये आणि विल्सन यांनी १९१५ व १९१७ मध्ये नकाराधिकार वापरला. अखेरचा नकार डावलून काँग्रेसने १९१७ मध्ये कायदा केलाच. त्याच कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भाग नकाशावर रेघ मारून बंद केला. विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी अशांना सूट होती. पंजाबच्या शेतकऱ्याला वाचता येत असूनही नव्हती. युरोपातून साक्षर लोक येतच राहिले, तेव्हा १९२१ आणि १९२४ मध्ये थेट राष्ट्रवार कोटे आले.

आपल्यापैकी पुष्कळजण १९६५ च्या कायद्यानंतर पदवीच्या जोरावर इथे आलो. म्हणूनच ‘आम्ही शिकलेले, ते अडाणी’ असे आपल्याच बैठकीत कुणी म्हणू लागले, की हे भाषण आठवावे. लॉज यांना आपली पदवी मान्य होती. फक्त आपण मान्य नव्हतो.