कोकीळ कुणासाठी गातो?

मंडळी, रा. भा. पाटणकरांच्या ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथामुळे कांटचा सौंदर्यविचार मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. आज आपण कांटचं एकच उदाहरण तपासू.

१७९० सालच्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये, ४२व्या कलमात, ते येतं. खेड्याची हवा खायला आलेल्या पाहुण्यांना खूश करण्यासाठी यजमान एका वात्रट पोराला झुडपात लपवतो. पोरगं तोंडात बोरूची नळी धरून नाइटिंगेल पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढतं. पाहुणे रंगून जातात. पण लबाडी कळली, की तेच गाणं कुणाला फार वेळ ऐकवत नाही.

आता बघा, सूर तेच आहेत. मग बिघडलं काय? कांट म्हणतो, हे सौंदर्य निसर्गाचंच असायला हवं. पक्ष्याच्या गाण्यात आपल्याला जगण्याचा आनंद ऐकू येतो. पण लगेच तो पुस्ती जोडतो: निसर्गाचा तसा हेतू असो वा नसो, आपण अर्थ तसा लावतो.

आमचा आक्षेप या ‘असो वा नसो’वर आहे. कांटला निसर्ग हवा आहे; पक्षी मात्र निमित्तापुरता. पाहुण्यांचा विरस वेगळंच सांगतो. त्यांना पलीकडे स्वतःच्या कारणासाठी गाणारा एक जीव हवा होता. ते कारण काय, हा प्रश्न कांट विचारतच नाही.

तो डार्विनने विचारला. १८७१च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्याने मादीला आवडनिवड बहाल केली, नराचं गाणं आणि मोराचा पिसारा तिच्या पसंतीतून घडले, असं मांडलं. नैसर्गिक निवडीच्या विचारातला त्याचा सहप्रवर्तक वॉलेस याला हे पटलं नाही. पण डार्विनचं खरं असेल, तर सौंदर्याचा पहिला रसिक माणूस नव्हे.

आपल्याकडचं पाहा. आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो, गायिकेला ‘गानकोकिळा’ म्हणतो. प्रत्यक्षात कुहू घालतो तो काळाभोर नर. ठिपकेदार मादीचा आवाज तीक्ष्ण, किक्-किक् असा. आणि ती अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात. हे कळल्यावर कुहू बेसूर होते का? आम्हाला तर ती जास्त लक्ष देऊन ऐकावीशी वाटते.

कुणी म्हणेल, अर्थ माणसानेच लावायचा, त्यात बिघडतं काय? बिघडतं. जटायूला आपण हात जोडतो आणि ‘गिधाड’ ही शिवी म्हणून वापरतो. दोन्ही अर्थ आपलेच. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि १९९०च्या दशकापासून त्यांचे थवेच्या थवे संपले. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली. तोवर जटायूची पूजा चालूच होती.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच: निसर्गाला अर्थ देण्याआधी, तिथं कुणाचा जीव कशासाठी धडपडतोय, ते पाहायला हवं. सौंदर्यविचाराची सुरुवात तिथून व्हावी.