‘गणिती विगमन’ : संज्ञा आणि सिद्धतेची भाषा

तर्कशास्त्राच्या परिभाषेत विशेषांवरून सामान्याकडे जाणे म्हणजे विगमन आणि सामान्यावरून विशेषाकडे येणे म्हणजे निगमन. ‘गणिती विगमन’ ही संज्ञा पहिल्या अर्थाची अपेक्षा निर्माण करते. ती ज्या रीतीला लावली जाते ती मात्र सर्वस्वी निगमनात्मक आहे. हा दोष मराठीने निर्माण केलेला नव्हे. ऑगस्टस डी मॉर्गन याने १८३८ मध्ये इंग्रजीत ह्याच अर्थाचे नाव वापरले, त्यातही तो होताच.

निव्वळ विगमनावर किती विसंबावे, हे ऑयलरच्या प्रसिद्ध राशीवरून कळते. न चा वर्ग, न आणि ४१ यांची बेरीज न = ० पासून न = ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते; न = ४० घेताच १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग, येतो. चाळीस साक्षी अनुकूल असूनही सामान्य विधान खोटे ठरते.

तथापि संज्ञेपेक्षा अधिक घोटाळा वाक्यरचनेत आहे. एक क्रमिका घ्यावी : पहिले पद २ चे वर्गमूळ, पुढील प्रत्येक पद म्हणजे मागील पदात २ मिळवून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. प्रत्येक पद २ पेक्षा लहान आहे, हे सिद्ध करावयाचे आहे. पहिले पद तसे आहेच. पुढे ‘विधान क साठी खरे मानू’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले, असा विद्यार्थ्याचा आक्षेप येतो तो ह्याच वाक्यामुळे. आणि त्या वाक्यापुरता तो रास्त आहे. वस्तुतः येथे काहीही मानलेले नसते. ‘कोणतेही एक पद २ पेक्षा लहान असले, तर पुढचे पद ४ च्या वर्गमुळाहून, म्हणजे २ हून, लहान असते’ एवढा संबंधच सिद्ध होतो. ‘कोणतेही एक’ याऐवजी ‘सर्व’ वाचले, किंवा ‘असले तर’ याऐवजी ‘आहे’ वाचले, की सिद्धता कोसळते.

सीमेच्या प्रश्नात ‘प्रत्येक’ ह्या शब्दाची मर्यादा उघड होते. याच रीतीने क्रमिका वर्धमान असल्याचेही दाखविता येते. वर्धमान व वरून परिबद्ध क्रमिकेला सीमा असतेच. ती स मानल्यास स चा वर्ग = स + २; यावरून स = २ किंवा −१, आणि पदे धन असल्याने स = २. प्रत्येक पद २ पेक्षा लहान, पण सीमा २ पेक्षा लहान नाही! विगमन प्रत्येक पदाविषयी बोलते. सीमा हे क्रमिकेचे ‘शेवटचे पद’ नव्हे. सीमेकडे जाताना ‘लहान’ याचे ‘लहान किंवा समान’ होते, आणि सीमेच्या अस्तित्वासाठी विगमनाहून निराळा, वास्तव संख्यांच्या पूर्णतेचा, आधार लागतो.

रूढ संज्ञा बदलण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘मानू’ टाकून ‘असले तर’ लिहिले, तरी निम्मे काम होईल.