हवाई कामगिरीची आखणी : ‘फाल्कन ४.०’मधील रचनेचा एक विचार

एखाद्या संगणकीय खेळाची चिकित्सा विभागाच्या संशोधनपत्रिकेत यावी, हा काही वाचकांना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कृतीत रचना आहे, रचनेमागे निवड आहे आणि निवडीचे परिणाम कर्त्याला भोगावे लागतात, ती कृती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरविषयी सामान्यतः जे लेखन आढळते, त्यात विमानाच्या प्रतिकृतीचा अचूकपणा, रडारची वागणूक, दृश्यांचा सुबकपणा यांचीच चर्चा असते. उड्डाणापूर्वी नकाशासमोर बसून केलेली कामगिरीची आखणी ही केवळ पूर्वतयारी समजली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळांतील खरी रचना तेथेच घडते. आणि तिची प्रत ठरविताना आखणाऱ्याला काय ठाऊक होते यापेक्षा काय ठाऊक नव्हते, हे आधी पाहावे लागते.

विवेचनासाठी मुख्यतः ‘फाल्कन ४.०’ हा खेळ घेतला आहे. मायक्रोप्रोज या अमेरिकन संस्थेने तो डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. खेळणारा त्यात एफ-१६ विमानाचा वैमानिक असतो, आणि युद्ध चाललेले असते ते कोरियन द्वीपकल्पावर. पहिली आवृत्ती दोषांनी भरलेली होती. पुढे मूळ संस्थेतील काम थांबले, २००० साली खेळाची मूळ संगणक-संहिता बाहेर फुटली, आणि हौशी जाणकारांनी ती दुरुस्त करीत करीत ‘फाल्कन बीएमएस’ या नावाने आजवर चालविली आहे. (एकाच पोथीवर पिढ्यान्‌पिढ्या लेखनिकांचे हात फिरावेत, त्यातलाच हा प्रकार. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने केव्हातरी इकडे वळावे.)

या खेळातील युद्ध खेळणाऱ्यासाठी थांबून राहत नाही. दोन्ही पक्षांची पायदळे व रणगाडे पुढेमागे सरकत असतात, पूल पडतात व काही काळाने दुरुस्त होतात, आणि दोन्हीकडील हवाई कामगिऱ्यांची यादी संगणक सतत तयार करीत असतो. प्रत्यक्ष युद्धात जिला ‘एअर टास्किंग ऑर्डर’ म्हणतात तिचीच ही प्रतिकृती होय. १९९१ च्या आखाती युद्धात हा आदेश दररोज शेकडो पानांचा निघे, आणि अमेरिकन नौदलाच्या विमानवाहू जहाजांवर तो यंत्रणेद्वारे धाडता येत नसल्यामुळे विमानाने नेऊन पोहोचवावा लागे. यादीतील एकेका गटाला ‘पॅकेज’ हे नाव आहे. बाँब टाकणारी तुकडी, तिचे शत्रूच्या विमानांपासून रक्षण करणारी तुकडी, आणि क्षेपणास्त्रांच्या रडारांना गप्प बसविणारी तुकडी, अशी त्याची साधारण घडण. खेळणाऱ्याने संगणकाची आखणी आहे तशी स्वीकारावी, तिच्यात फेरफार करावेत, किंवा स्वतःचे पॅकेज नव्याने उभे करावे.

या सर्व घडणीचा कणा म्हणजे लक्ष्यावर पोहोचण्याची वेळ. तिला आपण ‘लक्ष्यवेळ’ म्हणू. ती एकदा ठरली की हिशेब उलट्या दिशेने सुरू होतो : हल्ल्याचा आरंभबिंदू, त्यापूर्वीचे एकत्र जमण्याचे ठिकाण, आणि अखेर धावपट्टी सोडण्याचा क्षण. एखाद्या क्षेपणास्त्रतळाला वळसा घालावा म्हणून मार्गावरील एक बिंदू पूर्वेकडे ओढला, तर अंतर वाढते. अंतर वाढले की वेग वाढवावा लागतो, नाहीतर लवकर निघावे लागते. वेग वाढविला की इंधन सरते, आणि इंधनासाठी जादा टाकी लावावी तर पंखाखाली बाँबला जागा उरत नाही. नकाशावर रेषा दिसत असली तरी आखणाऱ्याच्या हाताखालील द्रव्य काळाचे असते, ही गोष्ट पहिल्या चारदोन कामगिऱ्या फसल्याशिवाय सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मांडले. त्यांची आठवण येथे अस्थानी ठरू नये. निरनिराळ्या तळांवरून, निरनिराळ्या वेगाने निघालेल्या तुकड्या काही मिनिटांच्या अवकाशात एकमेकींना पूरक व्हाव्यात, हा समतोलाचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की कलावंत विरोध स्वतः योजतो. येथील विरोध दुसऱ्याचा आहे आणि तो आपली वेळ पाळायला बांधलेला नाही.

हा फरक ‘डीसीएस वर्ल्ड’ या ईगल डायनॅमिक्सच्या सिम्युलेटरशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होतो. तेथे कामगिरी रचण्यासाठी एक स्वतंत्र साधन दिलेले आहे. रचनाकार प्रत्येक वाहन, प्रत्येक तोफ आपल्या हाताने नकाशावर ठेवतो, आणि अमुक वर्तुळात विमान शिरले की तमुक ताफा हलू लागेल, अशा अटी घालतो. ही नाटककाराची रीत झाली. तिच्यातून उत्तम कामगिऱ्या निर्माण झाल्या आहेत. विमानाच्या यंत्रणांचा तपशील तर तेथे फारच बारकाईने साधलेला आहे. पण अशा कामगिरीत वैमानिक जी आखणी करतो ती नकळत रचनाकाराच्या मनाचा अंदाज घेऊ लागते. दरी रिकामी दिसते, त्याअर्थी तिच्यात काहीतरी दडवून ठेवलेले असणार, असा तर्क तो करतो, आणि बहुधा तो खरा ठरतो. अमुक तुकडी शेकडा इतक्या वेळा दिसावी, अशी संभाव्यतेची सोय तेथे आहे खरी, परंतु ती टक्केवारीही रचनाकारानेच ठरविलेली असते. ‘फाल्कन’मध्ये हा तर्क चालत नाही. तेथील दरी रिकामी असते, कारण काल तेथे असलेली पलटण आज पुढे गेली आहे, किंवा दुसऱ्याच एखाद्या तुकडीने ती नष्ट केली आहे. दरीत कोणाचाही हेतू नाही. वाचकाला लेखकाचा हेतू शोधण्याची इतकी सवय जडलेली असते की हेतुशून्य प्रदेश वाचणे त्याला प्रथम नीरस वाटते. त्यातून संगणकाच्या कित्येक आखण्या विसंगत व मूर्खपणाच्या असतात, हेही मान्य केले पाहिजे. तरीही आखणी या क्रियेची खरी कसोटी याच खेळात लागते, असे मला वाटते.

येथे स्वतःचा एक अनुभव नमूद करतो. इम्जिन नदीवरील एका पुलावर हल्ल्याचे पॅकेज मी आखले होते. ऐनवेळी मार्गातील एक धोका टाळण्यासाठी मी माझ्या तुकडीला वळसा दिला व तिची लक्ष्यवेळ पाच मिनिटांनी पुढे ढकलली. रडारांवर मारा करणाऱ्या तुकडीची वेळ बदलायची मात्र राहून गेली. ती आपल्या वेळी आली, तिने आपले काम केले आणि ती परत फिरली. आम्ही पोहोचलो तेव्हा गप्प बसलेली रडारे पुन्हा बोलू लागली होती. चारांपैकी दोन विमाने पडली. पूल उभाच राहिला. माझी चूक उड्डाणातली नव्हती. दोन तक्त्यांतील दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, एवढेच.

ही चूक खेळापुरती नाही. १९ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर गेलेल्या ‘पॅकेज क्यू’ या एफ-१६ विमानांच्या मोठ्या हल्ल्यात रडारविरोधी एफ-४जी विमानांना इंधन कमी पडल्यामुळे हल्ला पुरता संपण्याआधीच परतावे लागले. दोन एफ-१६ विमाने क्षेपणास्त्रांनी पाडली गेली आणि त्यांचे वैमानिक इराकच्या कैदेत पडले. खेळाच्या वास्तवतेचे प्रमाण म्हणून मी हे उदाहरण देत नाही. तशी वास्तवता बटणे आणि घड्याळे यांच्या प्रतिकृतीतूनही दाखविता येते. आखणीतील तुकड्यांचे परस्परावलंबन हे जर रचनेचे तत्त्व असेल, तर ते तुटण्याची रीतही प्रतिकृतीत तीच आढळावी, आणि ‘फाल्कन’मध्ये ती आढळते.

एका ठिकाणी मात्र ही रचना स्वतःशी प्रामाणिक राहत नाही. सगळे युद्ध बारकाईने चालविण्याची ताकद १९९८ च्या संगणकात नव्हती. म्हणून खेळणाऱ्याच्या विमानाभोवती एक अदृश्य बुडबुडा कल्पिला आहे. त्याच्या आत प्रत्येक रणगाडा सुटा असतो आणि प्रत्येक क्षेपणास्त्र खरोखर उडते. बाहेर पलटणी व तुकड्या हे केवळ एकेक ठोकळे असतात, आणि त्यांच्या चकमकींचा निकाल संख्या, शस्त्रे व अंतर यांच्या हिशेबाने लागतो. युक्ती चतुर आहे. पण तिचा परिणाम असा, की दूरच्या तुकडीसाठी आखणाऱ्याने डोंगराआडून काढलेली वाट आणि माझ्या डोळ्यांदेखत उडणाऱ्या तुकडीची वाट यांना सारखे मोल राहत नाही. आखणारा सर्वांसाठी सारखाच जबाबदार आहे, असे तक्ता म्हणतो. खेळाचे गणित तसे मानीत नाही. पडलेल्या वैमानिकांची नोंद यादीत ‘मृत’ वा ‘बेपत्ता’ अशी होते, दूरचा काय आणि जवळचा काय, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामगिऱ्या सुरू होतात.

नागरिकांसाठी तर त्या तक्त्यात रकानाच नाही. शहरे म्हणजे इमारतींचे समूह, पूल म्हणजे रसद थांबविण्याची जागा. उणीव सगळ्याच सिम्युलेटरांची आहे, आणि एरवी मी तिचा विशेष उल्लेख केला नसता. पण या खेळाने भूमी खरी निवडली आहे. २८ जून १९५० च्या पहाटे सोलजवळील हान नदीवरचा पूल दक्षिण कोरियाच्याच सैन्याने उडविला, तेव्हा त्याच्यावर निर्वासितांची गर्दी होती. शेकडो माणसे मेली, सैन्याचा मोठा भागही नदीच्या उत्तरेलाच अडकून पडला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सैन्याच्या मुख्य अभियंत्याला त्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. ‘फाल्कन’च्या नकाशावर हान नदी आहे, तिच्यावरील पूलही आहेत. त्यांपैकी एखादा निवडला की खेळ आपल्याला शस्त्र विचारतो, उंची विचारतो, आणि लक्ष्यवेळ विचारतो.