‘पडला’ आणि ‘पाडला’ : कांदा-व्यापाऱ्याच्या राजकीय भाषेविषयी

लासलगावच्या कांदा-व्यापाऱ्याचे राजकारणाविषयीचे बोलणे ऐकणारास प्रथम त्यातील उबगच जाणवतो : राज्य कोणाचेही येवो, भाव पाडला जाणारच. हा ग्रह निराधार म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. अशा धरसोडीत माल भरून ठेवणाऱ्याचा विश्वास उडावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु त्याची क्रियापदे पाहावीत. सरकारचा विषय निघताच ‘भाव पाडला’ हे सकर्मक रूप येते आणि दोषी कर्ता निश्चित होतो. स्वतःच्या लिलावाची हकीकत सांगताना मात्र ‘भाव पडला’. जणू पाऊसच पडावा! वस्तुतः लिलावात बोली लावणारा तोच. (वृत्तपत्रे तर ‘कांद्याने रडवले’ असे लिहून सारे कर्तृत्व कांद्यालाच बहाल करतात.) त्याचा भ्रमनिरास प्रामाणिक असला तरी एकांगी आहे, तो येथे. ट्रॅक्टरजवळ उभा असलेला शेतकरी त्याच लिलावाविषयी बोलू लागला की क्रियापद पुन्हा सकर्मक होते : ‘व्यापाऱ्यांनी पाडला.’