सुश्रुतोक्त मशक आणि हिवताप : एका मताचें परीक्षण

डासांपासून हिवताप होतो हें सुश्रुतास ठाऊक होतें, युरोपीयांनीं तें केवळ पुन्हां सांगितलें, असें विधान अनेकदां ऐकूं येतें. तें नवें नव्हे. १९०५ सालीं सिलोनचे तत्कालीन गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या सिलोन शाखेपुढें सुश्रुताच्याच आधारें अशा आशयाचें मत मांडलें होतें. त्या बेटावर निघालेलें मत आमच्या साष्टी बेटांतही अभिमानानें सांगितलें जातें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तें विधान खरें ठरावें अशी इच्छा त्यास असणें स्वाभाविक आहे. परंतु इच्छा हें प्रमाण नव्हे. म्हणून मूळ ग्रंथ काय म्हणतो तें पाहूं.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत, आठव्या अध्यायांत, मशकांचे पांच प्रकार दिले आहेत : सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय. त्यांच्या दंशानें तीव्र कंडू व सूज येते. पार्वतीयाच्या दंशाचीं लक्षणें मात्र प्राणहर कीटांच्या दंशासारखीं सांगितलीं आहेत. त्याच अध्यायांत उग्रविष कीटांच्या दंशलक्षणांत ज्वर, कंप व दारुण शीत यांची गणना आहे. हीं दोन स्थळें जोडलीं कीं मशकदंशानें हींव भरून ताप येतो असा अर्थ निघतो. पूर्वपक्ष तो एवढाच, आणि तो अगदींच निराधार नाहीं.

तथापि त्यास तीन बाधकें आहेत. पहिलें असें कीं, कल्पस्थान हें विषाचें प्रकरण आहे. तेथील ज्वर हें विषाचें एक लक्षण असून त्याच यादींत वांति, अतिसार व उचकी हींही आहेत. दुसरें, जेथें ज्वराचाच विचार आहे त्या उत्तरतंत्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायांत तृतीयक, चतुर्थक इत्यादि विषमज्वर वर्णिले आहेत. तेथें दोषांचें कारण दिलें आहे, कित्येकांच्या मतें भूताभिषंगाचेंही. मशकाचें नांव नाहीं. तिसरें व मुख्य, नव्या शोधाचा गाभा ‘डास चावला कीं ताप येतो’ हा नव्हेच. १८८० मध्यें लाव्हरान यांनीं रोग्याच्या रक्तांत जंतु पाहिला; २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबादेस तो डासाच्या जठरभित्तींत वाढतांना दिसला. एकाच्या रक्तांतून डासांत व डासांतून दुसऱ्याच्या रक्तांत जाणारा जंतु, ही कल्पना सुश्रुतांत नाहीं.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. मुंबईच्या हिवतापावर डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत शहरांतील रोगाचें मूळ घरोघरच्या विहिरींत दाखविलें आहे. तेथें वाढणारा डास ॲनॉफिलिस स्टिफेन्सी. त्याचें वर्णन लिस्टन यांनीं १९०१ मध्येंच केलें होतें. विहिरी झांकण्याचा उपाय निघाला, आणि धर्मकृत्यांस लागणाऱ्या विहिरींवरून वादही झाला. पार्वतीय मशकावर सर्व दोष ठेवणारा गृहस्थ कान्हेरीच्या डोंगराकडे बोट दाखवील आणि परसांतली विहीर उघडी ठेवील! आज अंधेरी-घाटकोपरांत विहिरी थोड्या उरल्या आहेत. पण गच्चीवरील उघडी टांकी तेंच काम करिते. श्रीलंका २०१६ मध्यें हिवतापमुक्त जाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा डास तेथील मन्नार बेटावर सांपडला. तोही विहिरींत.

तात्पर्य, पांच मशक वेगळे ओळखून त्यांच्या दंशांत तरतम पाहणारा सुश्रुत निरीक्षक म्हणून थोरच आहे. त्यानें न उच्चारलेलें वाक्य त्याच्या तोंडीं घातल्यानें ती थोरवी वाढत नाहीं. उलट त्याचें खरें वचनही संशयास पात्र होतें. आमच्या अर्थांत कोणास चूक दिसल्यास त्यांनीं पाठ दाखवून कळवावें; आम्ही आनंदानें मत बदलूं.