संधिभेद आणि मित्रभेद

विष्णुशर्मा ऐतिहासिक असो वा कल्पित, पंचतंत्रात तो अमरशक्ती राजाच्या तीन मूढ पुत्रांना सहा महिन्यांत राजनीती शिकवितो. ‘मित्रभेदा’त दमनक कोल्हा सिंह व बैल यांची मैत्री मोडतो, बैल मरतो आणि दमनक मंत्री होतो. पालीतील संधिभेद जातकात (क्र. 349) प्रसंग तोच, तेथे दोघेही एकमेकांना मारून मरतात व कोल्हा त्यांचे मांस खातो. कोल्ह्याला शिक्षा दोन्हीकडे नाही. म्हणून जातकाला भाबडी बोधकथा म्हणणे चूक होय. भेद निवेदनात आहे. दमनक स्वतःच गोष्टी सांगतो, म्हणून वाचक नकळत त्याच्या चातुर्याला दाद देतो. जातकात राजारूपी बोधिसत्त्व ती प्रेते पाहून सारथ्याशी बोलतो. विहारांतील बालवर्गांत या दोन्ही कथा एकच समजून सांगू नयेत. जातकातील कथा चहाडखोर छब्बग्गिय भिक्खूंच्या निमित्ताने, म्हणजे संघातल्याच माणसांवरून, सांगितलेली आहे.